दमलेल्या पाण्याचा दिवा

आमच्या थोरल्या साडूंइतका न दमणारा माणूस मी उभ्या सातारा-सांगली मुलखात पाहिलेला नाही, आणि त्यांच्यापायी मी जितका दमलो तितका दुसरा कोणी दमला असेल असंही मला वाटत नाही. मी मुळातच थकलेला माणूस. सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कारकुनी करायची, संध्याकाळी अंगावरची पिवळी धूळ झटकून घरी यायचं आणि आठवड्याचा रविवार आडवं होऊन काढायचा, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी होती. ती या गृहस्थांनी कधी पुरी होऊ दिली नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. अक्का म्हणतो आम्ही तिला. मेढ्याच्या पुढे एसटीतून उतरून तासभर डोंगर चढलं की त्यांचं गाव येतं. घराच्या मागच्या अंगाला ओढा आहे, आणि त्या ओढ्यापासून वीज काढायची हे साडूंनी ठरवलं होतं. नुसतं ठरवलं असतं तरी चाललं असतं. लोक काय काय ठरवतात आणि जेवून झोपतात. साडू जेवून ओढ्यावर जात, आणि मी पाहुणा म्हणून गेलेलो असलो तर मलाही नेत.

हे वेड त्यांना कोयनेवर लागलं. तिथलं काम चालू होतं तेव्हा ते फिटर म्हणून तिकडे होते. दोन वर्षं डोंगराच्या पोटात राहून त्यांनी बोल्ट आवळले. मोठाली यंत्रं खोक्यांतून येताना पाहिली, त्यांच्यावरून हात फिरवला, आणि ती चालू व्हायच्या आतच वडील गेल्याची तार आली. शेतीला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून घरी यावं लागलं ते कायमचंच. पुढे तिथे वीज व्हायला लागली तेव्हा हे घरी भाताच्या तरव्याचं, रोपांचं बघत होते. "मांडव आमी घातला, अक्षता दुसऱ्यांनी टाकल्या," असं ते म्हणायचे. म्हणण्यात कुरकूर नसायची. एखादं राहून गेलेलं काम आठवावं असा सूर असायचा. साताऱ्याला जाताना लांबच्या डोंगरावरचे मनोरे दिसले की ते एसटीच्या खिडकीतून मान वळवून तारा दिसेनाशा होईपर्यंत बघत बसत. त्या तारा कुठल्या कुठे चालल्या होत्या, आणि घरी अक्का रोज तिन्हीसांजेला राखेनं कंदिलाची काच पुसत होती. दुसरा कोणी असता तर त्यानं मामलेदाराकडे अर्ज केला असता.

सांगलीला आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी ते दिव्याचं बटण दाबायचे. दिवा लागला की बघायचे, विझवायचे, पुन्हा लावायचे. मग बायकोला सांगायचे, "आमच्याकडनंच येतंय हे." पिशवीतून आंबे काढून द्यावेत तसा आवाज. रिकाम्या खोलीतला चालू दिवा त्यांना बघवत नसे. आमच्या शेजारी हळदीचे एक जैन व्यापारी राहायचे. त्यांच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची. मग जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात दिवा कशाला, हा साडूंचा प्रश्न तसा रास्तच होता. पण एका संध्याकाळी ते तो प्रश्न घेऊन सरळ त्यांच्या घरात शिरले, सगळ्यांना नमस्कार केला, दिवा बंद केला आणि परत आले. आत त्या घरच्या वहिनी भांडी विसळत होत्या. माफी मागायला अर्थात मी गेलो. शेटजींनी मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि पाहुण्यांचा मुक्काम किती दिवस आहे एवढंच विचारलं.

पाण्याशी त्यांचं वागणं तर निराळंच होतं. नळाला ते कान लावत, पाट ओलांडताना मध्येच थांबून मान तिरकी करत. "पाणी काय म्हणतंय ते ऐकाय लागतं, पावणं. दिसण्यावर जाऊ नका," असं ते मला शिकवत. आमचा नळ नऊनंतर काहीच म्हणत नाही, असं माझ्या बायकोनं त्यांना एकदा सुनावलं होतं. पण खोटं कशाला बोलू, ओढ्याच्या काठी डोळे मिटून उभे राहून ते वरच्या बांधावर पाणी किती बोटं चढलंय ते सांगायचे, आणि मी धापा टाकत वर जाऊन मोजलं की ते बरोबर निघायचं. मोजायला मीच जायचो.

आणि ती पोस्टकार्डं. पहिल्या ओळीत क्षेमकुशल, आणि खाली थेट मागणी: येताना दोन बेअरिंगं आणावीत, जुना पट्टा मिळतो का बघावं, अमुक मापाची बिडाची पुली आणावी. सांगलीत भंगारवाल्यांची आणि ओतकामाच्या कारखान्यांची काही कमी नाही, पण त्या सगळ्यांना मी तोंडानं ओळखू लागेन असं लग्नाच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं. ती पुली मी पेढीवरच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून निघालो. पोतं हळदीनं पिवळंधमक. एसटीत ती वर ठेवू देईनात, म्हणून मांडीवर घेतली. कराडला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिनं त्या जड, गोल, हळदीनं माखलेल्या वस्तूकडे बराच वेळ पाहिलं, मग अंबाड्यातलं फूल काढून तिच्यावर वाहिलं आणि हात जोडले. देव कुठला, असं तिनं विचारलं. मी इतका दमलो होतो की मेढ्याकडचा आहे असं सांगून टाकलं. साडूंनी ते फूल काढलं नाही. ते वाळून आपोआप गळेपर्यंत पुली तशीच फिरली.

यंत्र म्हणजे काय होतं, तर बैलगाडीचं एक जुनं चाक. त्याच्या कडेनं रॉकेलचे डबे अर्धे कापून ठोकले होते. शिरवळजवळ उलटून भंगारात निघालेल्या एका ट्रकचा डायनामो होता, आणि मधे माझी पुली आणि पट्टा. वर, दोन शेतं चढून गेल्यावर, दगडमातीचं एक लहान तळं साडूंनी बांधलं होतं. ओढ्याचं पाणी त्यात साठायचं, तळ्याच्या तोंडाशी एक लाकडी फळी होती, ती उचलली की पाणी पाटानं खाली येऊन पन्हळीतून चाकावर पडायचं. चाक घराच्या मागे. एका श्रावणात त्यावर मोटारीचा एक दिवा लागला आणि पाच मिनिटं राहिला. गाव जमलं होतं. सगळ्यांनी वाहवा केली, एक सदाबापू सोडून.

सदाबापू म्हणजे खालच्या अंगाचे शेजारी. पाटाचं पाणी सहा घरांत पाळीनं वाटलेलं, सगळ्यात शेवटची पाळी त्यांची. त्यांचं म्हणणं असं की, चाक फिरवून फिरवून पाणी दमतं आणि त्यांच्या रानात पोचेपर्यंत त्याच्यात काही जीव राहत नाही. "चालून आल्यालं पाणी निराळं अन् राबवून घेतल्यालं निराळं," असं ते चारचौघांत म्हणाले. साडू चिडले. त्यांनी चिखलात काडीनं चित्र काढून बापूंना समजावलं. बापूंनी चित्र पाहिलं आणि बोलणं टाकलं. मला मात्र आयुष्यात इतकं पटलेलं म्हणणं दुसरं आठवत नाही. त्या पाण्याचं दुःख त्या गावात फक्त मला कळत होतं.

त्याच दिवाळीत मी तो पराक्रम केला. यंत्राचा खरा कस त्या फळीत होता. पाणी कमी सोडलं तर दिवा नुसता लाल व्हायचा, जास्त सोडलं तर जळून जायचा. वर उभं राहून खालच्या चाकाची कुरकुर ऐकायची आणि फळी बोटबोट वरखाली करायची, हे काम साडूंशिवाय कोणाला जमत नसे. त्या दिवशी त्यांनी तीन दिवे जोडले होते आणि ते कसे दिसतात हे त्यांना स्वतः खाली राहून बघायचं होतं, म्हणून फळी माझ्या हाती दिली. चाक ओरडलं की फळी दोन बोटं खाली, इतकं सोपं करून सांगितलं. मी फणसाच्या बुंध्याला टेकलो. दुपारचं जेवण झालेलं, सावली गार, पाण्याचा आवाज एकसारखा. जाग आली ती खालून फाट फाट फाट असा आवाज आला तेव्हा. फळी माझ्या हातातून सुटून केव्हाच वाहून गेली होती, चाक पिसाटलं होतं आणि तीनही दिवे फुटले होते. साडू चढून वर आले. झोप झाली का, एवढं विचारलं, आणि दुसरी फळी तासायला बसले.

हे सगळं इथवर थांबलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या थोरल्या मुलीची, शालनची सुपारी फुटली. पाहुणे इस्लामपूरचे, घरात विजेचे दिवे असलेले. मुहूर्त गोरज धरायचा ठरला. तेव्हा मुलाच्या चुलत्यांनी अगदी साधेपणानं विचारलं की तुमच्याकडे अंधार लवकर पडतो, तर येताना गॅसबत्त्या आणायच्या का. त्यात टोमणा नव्हता. मी तिथेच बसलो होतो. पण साडूंचा चेहरा बदलला. "बत्त्या नगं," ते म्हणाले. "लाइट असंल." बाहेर ओढा गुडघ्याभर वाहत होता. त्याच्या जोरावर त्यांनी शब्द दिला, आणि भटजींनी पंचांग उघडून वैशाखातली तिथी काढली. वैशाखात तो ओढा करंगळीएवढा होतो हे त्या बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यानं जन्मभर त्या पाण्याला कान लावला, त्याला त्या घटकेला ते आठवलं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी सहकुटुंब पोचलो तेव्हा घरात अबोला होता. अक्का नवऱ्याशी बोलत नव्हती. साताऱ्याहून भाड्यानं बत्त्या आणा, असं ती विनवून थकली होती. साडू तळ्याच्या भिंतीला शेणमातीचा लेप देत होते. त्यांचं गणित झालं होतं. येणारं पाणी दोन दिवस कोणीही रानाला न घेता तळ्यात साठवलं, तर अंतरपाट धरल्यापासून कन्यादान उरकेपर्यंत मांडवात पाच दिवे जळतील, जास्त नाही. मात्र त्यासाठी सहाही घरांनी भर उन्हाळ्यात आपली पाळी सोडायला हवी होती. कांदा रानात उभा, मिरची माना टाकत असलेली. स्वतःसाठी कोणाकडे काही मागायची साडूंना सवय नव्हती. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी चपला घातल्या.

चार घरांनी चहा पाजून होकार दिला. पाचवं घर साडूंचंच. सहाव्या दारात सदाबापू वाकळेवर बसून दोर वळत होते. मी काय सांगितलं ते त्यांनी दोर वळता वळता ऐकलं. मिरची जळेल, एवढं एकदा स्वतःशी म्हणाले. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी हात थांबवला.

"पोरगी माज्या अंगणात रांगल्याली हाय," ते म्हणाले. "घ्या पाळी. दोन दीस निजू द्या त्या पाण्याला तळ्यात. दम खाल्ला म्हंजी लागंल दिवा."

तळं भरलं. लग्नाच्या दिवशी दुपारी साडूंनी मला वर बोलावलं. पाणी काठाशी आलं होतं आणि ते फळीपाशी नवं धोतर खोचून उभे होते. मला वाटलं, काहीतरी मोजायचं असेल. ते म्हणाले, फळीवर मी राहतो, कन्यादानाला तुम्ही नवराबायको बसा. मी हादरलो. मुलीचा बाप जिवंत असताना, हाकेच्या अंतरावर असताना मी कसा बसू, असं मी म्हणालो. व्याही काय म्हणतील, अक्काला काय वाटेल, शालनला काय वाटेल, असं बरंच बोललो. शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी फळीवर उभं करा, असंही म्हणालो.

"कुनाला? तुमाला दिऊ?" त्यांनी विचारलं.

त्या दिवाळीतल्या एका झोपेची इतकी मोठी भरपाई द्यावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. आणि ती देणारा मी नव्हतो. खाली येऊन मी अक्काला सांगितलं. ती पदराला हात पुसत ऐकत होती. ती रडली नाही, तिनं फक्त माझ्या बायकोला पाटावर बसायला नवं लुगडं नेसायला सांगितलं. शालननं मुंडावळ्या बांधून घेता घेता विचारलं, "आप्पा येनार न्हाईत?" अक्का मुंडावळ्यांची गाठ आवळत राहिली, तेव्हा ती पुन्हा आरशाकडे वळली.

सूर्य डोंगराआड गेला. मांडवात अंधारायला लागलं, व्याह्यांकडचे लोक वर टांगलेल्या काचांकडे बघून कुजबुजू लागले. भटजींनी अंतरपाट धरला आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. तेवढ्यात घरामागून चाकाची कुरकुर ऐकू आली. काचांत आधी निखाऱ्याएवढी लाली आली, मग पिवळं झालं, मग पाचही दिवे एकदम स्वच्छ लागले. मंगलाष्टक म्हणणारे भटजीसुद्धा एक ओळ विसरले. मी सांगलीचा माणूस, रोज दिवे बघणारा, पण असा दिवा मी आजवर बघितलेला नाही. सदाबापू खांबाला धरून उभे होते. ते वर न बघता शालनकडे बघत होते.

अक्षता पडल्या. आम्ही कन्यादानाला बसलो. बायकोनं झारीची धार माझ्या ओंजळीत धरली, माझ्या हातातून पाणी शालनच्या हातावर, तिच्या हातावरून जावयाच्या हातावर आणि तिथून खाली काशाच्या थाळीत पडत होतं. भटजी सांगतील ते मी म्हणत होतो. वर त्याच वेळी दुसरा एक माणूस बोटबोट फळी उचलून पाणी सोडत होता, आणि हे पाणी खरं त्याच्या हातचं, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. दिवे एकदाही कमीजास्त झाले नाहीत. विधी संपला, आम्ही पाटावरून उठलो, आणि चाकाची कुरकुर मंद होत थांबली. दिवे पुन्हा लाल झाले आणि विझले. अक्कानं पेटवून ठेवलेले कंदील बाहेर आणले.

मी कोणी न सांगता वर गेलो. दोन शेतं चढलो आणि धाप लागली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. साडू रिकाम्या तळ्याच्या काठावर बसले होते. नवं धोतर कमरेपर्यंत चिखलानं भरलेलं, हाताची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. तिथून मांडव दिसत नव्हता. मधे आंब्याची दाट झाडी, तिच्या फटींतून फार तर उजेडाचा पट्टा दिसला असेल.

"कन्यादानापतुर पुरलं का?" त्यांनी विचारलं.

पुरलं, मी म्हणालो. एकदाही हललं नाही.

त्यांनी धोतरावरचा चिखल निपटला. मग म्हणाले, "पोरगी दिसली न्हवं सगळ्यास्नी?"

दिसली, असं मी म्हणालो. मग त्यांना हात दिला आणि उठवलं.

खाली पाठवणीची घाई चालली होती. बैलगाड्या जुंपल्या होत्या, पण शालन उंबऱ्यात उभी होती आणि हलत नव्हती. बाप अंगणात आला तसा मागेच थांबला, चिखलाच्या कपड्यांनी व्याह्यांसमोर कसं यावं म्हणून. तिनं खुंटीवरचा कंदील काढला. अंगण ओलांडून ती त्यांच्यापुढे आली आणि कंदील उचलून आपल्या चेहऱ्याजवळ धरला.

"समद्यांनी बगितलं आप्पा, तुमीच ऱ्हायलासा," ती म्हणाली. "आता बगा."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं. मुंडावळ्या पाहिल्या, हळद पाहिली. राखेनं पुसलेल्या त्या काचेचा उजेड चांगला पडला होता. त्यांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गाड्या गेल्यावर आम्ही दोघे ओट्यावर बसलो. अक्कानं दोघांपुढे चहा ठेवला आणि कित्येक दिवसांनी नवऱ्याला जेवणार का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दमलो, पावणं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझं स्वतःचं हे नेहमीचं वाक्य, पण त्या दिवशी मला ते म्हणायचं धाडस झालं नाही.

पुढे दोनतीन वर्षांत गावात सरकारी खांब आले. साडूंच्या घरीही बटण बसलं. ते दिवा लावतात आणि चालते होतात, उभं राहून बघत नाहीत. चाकाचे डबे गंजून गळाले, पाट सहा घरांच्या पाळीनं वाहतो आणि सदाबापूंची मिरची बरी येते. मला आता पोस्टकार्ड येत नाही. रविवारी मी जेवून आडवा होतो, कोणी उठवत नाही, आणि तरी झोप लागत नाही. मग उठून नळापाशी जातो आणि बायको बघत नाही असं पाहून त्याला कान लावतो.